मोजलेला अशार

सुयुमकान एजेच्या गोठ्यात माझा फोटो आहे. दोन मीटर लांब, दीड मीटर उंच, जाड फ्लेक्सवर छापलेला. मी हसतोय, डोक्यावर पुलाला पैसे देणाऱ्या निधीचं बोधचिन्ह आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'एकत्र येऊ, पूल बांधू'. वारा अडवायला तिनं तो खिळे मारून लावलाय. तिची तांबडी गाय माझ्या उजव्या गालावर पाठ घासते, त्यामुळे तो गाल आता जवळजवळ पुसला गेलाय. परवा तो पाहिला आणि मला बरं वाटलं.

आमच्या कोश-केचू गावात सुयुमकान एजेला ओळखत नाही असं कुणी नाही. एजे म्हणजे थोरली बहीण. तिला मात्र तिच्याहून थोरली माणसंही चुकून एजे म्हणून बसतात. ती शाळेची झाडलोट करते आणि थंडीत बॉयलरमध्ये कोळसा टाकते. एकोणिसाव्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यातून लग्न होऊन आली. नवरा मामबेत वरच्या कुरणातून गुरं उतरवताना बर्फाच्या कड्याखाली गाडला गेला, तेव्हा मुलगा बेलेक चार वर्षांचा होता. तो जन्मला त्या वसंतात नवरा-बायकोनं परसात पॉपलरची रोपं लावली होती. आमच्याकडे मुलगा झाला की लावतातच. मुलगा लग्नाचा होईपर्यंत झाडं सरळसोट वाढतात आणि त्याच्या घराचं छप्पर त्यांच्यावर उभं राहतं. मामबेत गेल्यावर ती झाडं एजेनंच जगवली. दोन वर्षांपूर्वी तोडली, साली काढल्या आणि ओंडके वळचणीखाली सावलीत वाळत ठेवले. बेलेक तेव्हा कझान शहरात इमारतींवर कामाला होता. भिंती गावानं उभ्या करून दिल्या होत्या. फक्त छप्पर राहिलं होतं.

गावानं म्हणजे अशारनं. एखादं काम एकट्याच्यानं होत नसेल तर आमच्याकडे अशार बोलावतात. गाव येतं, हात लावतं, दुपारी जेवतं आणि जातं. मजुरी नाही आणि आभारही नाहीत, कारण उद्या तुम्हालाही दुसऱ्याकडे जायचंच असतं. बोलवायला कुणीही फिरू शकतं, पण सदतीस वर्षं कोश-केचूत सुयुमकान एजेच फिरत आली. एकदा कधीतरी ती फिरली, लोक आले, आणि मग ते काम तिचंच झालं. ती पहाटे निघते. फाटकाशी उभी राहते, आत जात नाही, चहा घेत नाही. काय, कुठं, कधी, एवढंच सांगते. 'आसिलची भिंत, वरची आळी, उद्या उजाडताना.' की पुढच्या फाटकाकडे. शेजारचा येतोय का, असं कुणी विचारलं तर म्हणते, 'तू तुझं बघ.'

आणि ती मोजत नाही. कढईत मांस किती टाकायचं हेसुद्धा ती डोकी मोजून ठरवत नाही. लांबून फावड्यांचा आवाज ऐकते आणि ठरवते. आठ वर्षांचा असताना मी एकदा भिंतीवर बसून मोठ्यानं मोजत होतो, 'एकोणतीस, तीस, एकतीस...' तिनं चिखलाचा गोळा माझ्या पायावर फेकला.

'मेंढरं आहेत का रे ही?' ती म्हणाली. 'आला तो आला. मोजलंस की न आलेलाही मोजला जातो.'

मी एर्मेक. सोळाव्या वर्षी एका विद्यार्थी-अदलाबदल कार्यक्रमातून वर्षभर अमेरिकेतल्या शाळेत जाऊन आलो. मग धरण-कालव्यांच्या इंजिनियरिंगचं शिक्षण घेतलं आणि आता नारिन शहरात पाणीखात्यात नोकरी करतो. आमच्यासारख्या जाऊन आलेल्यांसाठी 'परतभेट' नावाचा निधी आहे. आपल्या गावासाठी एखादं काम सुचवायचं, अर्ज लिहायचा, निवड झाली तर पैसे मिळतात. मला अर्ज चांगला लिहिता येतो, हे सगळ्याचं मूळ.

आमची शाळा नदीपलीकडे. मधला पूल म्हणजे तीन कुजक्या फळ्या आणि एक तार. मी नवा पूल सुचवला, दोन लोखंडी तुळयांचा, आराखड्यासकट. अर्जात एक रकाना होता, 'समाजाचा सहभाग'. तिथं मी लिहिलं: अशार. किती माणसं? साठ. किती तास? आठ. गुणाकार करून चारशे ऐंशी आकडा टाकला. आपल्या शब्दाला त्यांच्या कागदावर जागा मिळाली म्हणून मी खूश होतो. पुढे विचारलं होतं, त्यात तरुण किती? मी साठ टक्के लिहिलं. गावातले तरुण कझानमध्ये आणि मॉस्कोत विटा उचलत होते, पण तसं कुणी विचारलं नव्हतं.

एप्रिलमध्ये मंजुरी आली. काम एक जूनला सुरू करायचं होतं.

अकरा मेला डोंगरातून लोंढा आला आणि फळ्या, तार, काठावरचा निम्मा रस्ता घेऊन गेला. पोरं गावातल्या काच्किनच्या ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीतून नदी ओलांडू लागली. दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर ऐन मध्यावर बंद पडला. सतरा पोरं तासभर पाण्यात अडकून होती. दुपारी एजेचा मला फोन.

'एर्मेक, तुझं लोखंड कधी येणार?'

'एक जूननंतर, एजे.'

'तोवर पोरं काय पोहत जाणार?'

'नियम आहे तसा.'

'नदीला सांगितलास का?' मग ती मुद्द्यावर आली. 'माझे ओंडके आहेत. काच्किन म्हणतो, बारा लागतील. तुझ्या त्या निधीतून मला तेवढं लाकूड परत आणून देशील? बेलेक ऑक्टोबरात येतोय. बर्फ पडायच्या आत छप्पर चढायला हवं, मुलीकडचे त्याशिवाय तारीख देणार नाहीत.'

मी कँटीनमध्ये वाफवलेल्या मांटी खात होतो. 'देईन की,' म्हणालो आणि खात राहिलो.

दुसऱ्या पहाटे ती फिरली. त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पूल उभा होता. मी पोचलो तेव्हा तोक्तोसून अता, गावातले सगळ्यांत वयस्क, पुलाच्या तोंडाशी उभे राहून दोन्ही हात पसरून आशीर्वाद मागत होते. 'वरून जाणारा सुखरूप परत येवो.' सगळ्यांनी ओमीन म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मी पुलावर उड्या मारून पाहिल्या, ओंडक्यांचे व्यास मोजले, भार काढला. माझ्या आराखड्यापेक्षा तो भक्कम होता. फोटो काढला आणि अभिमानानं निधीच्या बिश्केकमधल्या ऑफिसात पाठवला.

दहा मिनिटांत जार्किनाय एजेचा फोन आला. आमच्या गटाचं काम तिच्याकडे होतं. बाई वाईट नाही. मागे तिचं मूल खोकत होतं आणि ती त्याला थोपटत बोलत होती.

'छान झालाय पूल. कधीचा फोटो?'

'आजचा.'

'आज चौदा मे आहे, एर्मेक.'

'लोंढा आला ना. लोक थांबले नाहीत.'

'म्हणजे काम झालंय. मग आम्ही पैसे कशाला द्यायचे?'

'लाकडाला. एका बाईनं स्वतःचं लाकूड दिलंय.'

'मुदतीआधी दिलंय. ते धरता येत नाही.' तिनं आवाज खाली आणला. 'तुझ्याकडे आधीचा फोटो आहे का? पूल नसलेला? आणि काम चालू असतानाचा, फलकासकट? अहवालाला काय लागतं तेवढंच सांगतेय मी.'

'पूल उभा आहे, एजे.'

'ते तू मला अजून सांगितलेलं नाहीस,' ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी शाळेत गेलो. सुयुमकान एजे बॉयलरच्या खोलीतली राख भरत होती. मी सांगत गेलो, ती ऐकत गेली. पूल काढायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा लावायचा. अर्ध्या दिवसाचं काम.

'त्यावर हात पसरून झालेत,' ती म्हणाली.

'पुन्हा पसरू.'

शाळेची काच फुटली की ती जशी पोरांकडे बघते तसं तिनं माझ्याकडे बघितलं. 'आणि नाही काढला तर लाकूड नाही?'

'नाही.'

तिनं राखेची बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. 'मी फाटकाशी जाऊन काय सांगू? काय, कुठं, कधी. त्यातलं 'काय' म्हणजे काय?'

'पूल,' मी म्हणालो.

'पूल आहे ना रे.'

 पण तिच्याकडे दुसरं लाकूड नव्हतं. तीन जूनला ती फिरली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला प्रत्येक फाटकाशी थांबून समजवावं लागलं. काच्किनच्या दाराशी मीही बरोबर होतो.

'पूल, नदीवर, उद्या उजाडताना,' ती खाली बघत म्हणाली.

'एजे, आत्ता त्याच्यावरूनच आलो मी,' काच्किन म्हणाला.

'काढायचाय.'

'का?'

'लावायचाय म्हणून.'

काच्किन माझ्याकडे वळला. 'इंजिनियरसाहेब, असं शिकवतात होय तिकडे?' आणि तो पोट धरून हसला. एजे हसली नाही.

लोक सवयीनं उजाडतानाच आले. मी शहरातून बोलावलेला फोटोवाला साडेदहाला उगवला. उन्हाचा कोन बरोबर नाही म्हणून आणखी तासभर गेला. मग ओंडके काढले. पूल नसलेल्या नदीचे फोटो झाले. फोटोवाल्याला एक म्हातारी हवी होती, पलीकडे हताशपणे बघणारी. त्यानं बुर्मा आजीला काठावर उभं केलं.

'आजी, असं बघा की तुम्हाला पलीकडे जायचंय आणि जाता येत नाही.'

'मला काय काम पलीकडे? दात पडले माझे, शाळेत जाऊ?'

मी टेबल टाकून हजेरीचं पत्रक घेऊन बसलो होतो. नाव, वय, बाई की पुरुष, सही. दुपारपर्यंत लक्षात आलं की तरुण फारच कमी पडताहेत. तोक्तोसून अता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मी पेन धरून थांबलो तशी त्यांना अडचण कळली.

'अठ्ठावीस लिही,' ते म्हणाले. 'पण मग बायकोही शोधून दे.'

सगळे हसले. मीही हसलो आणि अठ्ठावीस लिहिलं. ते अक्षर माझंच आहे, पत्रकाची प्रत माझ्याकडे आहे आणि ते बघितलं की मला शिसारी येते. त्यानंतर सगळं सोपं झालं. आसिलच्या बायकोनं कझानमधल्या दिराच्या नावानं सही केली. कुणी मेलेल्या भावाच्या नावानं. काच्किननं सही करून ट्रॅक्टरची किल्ली खिशातून काढली.

'काम?' मी विचारलं.

'काम मे महिन्यात केलं. आज सही करायला बोलावलंय ना?'

पत्रकावर साठ नावं भरली तेव्हा नदीवर बावीस माणसं होती. मी मोजली. ओंडके परत बसवताना एक हातातून निसटून दगडावर पडला आणि मधोमध उलला. उललेली बाजू खाली करून तो तसाच बसवला. फलक दोन्ही बाजूंनी ताणून धरला, मी पुढं उभा राहून हसलो, गोठ्यातला तो फोटो हाच, पुढं निधीनं फ्लेक्सवर छापून गावात पाठवलेला. मग लोकांनी तोक्तोसून अतांकडे बघितलं. त्यांचे हात गुडघ्यांवरच राहिले.

'एकाच गोष्टीसाठी दोनदा मागायला मी काय भिकारी आहे?' ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

जुलैत लाकूड आलं. देवदाराचे बारा ओंडके, एकसारखे कापलेले, एजेच्या पॉपलरपेक्षा महाग. प्रत्येकावर निधीचं नाव छापलेले स्टिकर. तपासणी होईपर्यंत ते काढू नयेत अशी चिठ्ठी होती. एजेनं ओल्या फडक्यानं ओंडके पुसले, पण स्टिकर तसेच ठेवले. 'बेलेकच्या डोक्यावर झोपताना हेच दिसणार का?' तिनं मला विचारलं. तपासणीला कुणी आलंच नाही. फोटो पुरेसे होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बेलेक आला. कझाननं त्याला रुंद केलं होतं आणि अबोल. वरच्या शिखरांवर बर्फ दिसायला लागलं होतं. एजे पहाटे निघाली. मी रजा काढून आलो होतो, तिच्या मागं दोन पावलं चालत होतो.

'बेलेकचं छप्पर, माझं अंगण, उद्या उजाडताना.'

'सही कुठं करायची, एजे?' काच्किननं विचारलं. ती पुढं गेली.

दुसऱ्या फाटकावरही तोच विनोद. तिसऱ्यावरही. पाचव्या फाटकाशी आसिलची बायको होती आणि ती मुळीच गंमत करत नव्हती. 'पत्रक असेल तर दिराचंही नाव घाला हं, एजे. मागच्या वेळी घातलं होतं.' एजे फाटक धरून क्षणभर उभी राहिली. तिनं फाटक धरलेलं मी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. बेलेकनं आणि मी छपरावर थापायचा चिखल तुडवायला घेतला होता, गवताचा भुसा घालून. कढईखाली जाळ पेटला होता. अंगणात कुणी नव्हतं. सात वाजले, आठ वाजले. एजे दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. साडेनऊच्या सुमाराला लोक यायला लागले. आणि सगळे नीटनेटके आले होते. इस्त्रीचे शर्ट, पांढरेशुभ्र कल्पाक टोप्या, बायकांचे सणाचे रुमाल. कुणाच्या हातात फावडं नव्हतं. मागच्या वेळी फोटोवाला साडेदहाला आला होता, हे गावानं लक्षात ठेवलं होतं.

ते अंगणात उभे राहिले आणि टेबल कुठं दिसतंय का बघू लागले.

'एर्मेक, तुझा फोटोवाला?' कुणीतरी विचारलं.

'नाही येणार,' मी म्हणालो. 'आज तसलं काही नाही.'

'मग अता परत अठ्ठ्याहत्तरचे का?' मागून कुणीतरी.

'पूल काढून लावला,' काच्किन म्हणाला, 'आता छप्पर आधी लावून मग काढायचं, की आधी काढून...' आणि सगळं अंगण हसलं. बेलेक चिखलात गुडघाभर उभा होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

एजे हातात झारा घेऊन बाहेर आली. ती रागावलीय असं वाटलं नाही. तिनं झारा उचलला, पहिल्या माणसाकडे रोखला आणि मोठ्यानं म्हणाली, 'एक.'

मग दुसऱ्याकडे. 'दोन.' तीन, चार. सावकाश, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर झारा थांबवत. सहाव्या-सातव्या माणसापर्यंत हसू पुरलं, मग संपलं. आसिलच्या बायकोनं तिची पाळी आल्यावर रुमाल पुढं ओढला. काच्किन अकरावा होता.  माझ्याकडे झारा आला तेव्हा ती माझ्यावरही थांबली. 'एकोणीस.'

तिनं झारा खाली केला.

'झालं,' ती म्हणाली. 'सगळे मोजले गेलात. लिहून ठेवलंय, असं समजा. आता जा.'

 लोक एकेक करून निघाले. काच्किन सगळ्यांत शेवटी गेला. फाटकाशी थांबून तो म्हणाला, 'एजे, मी कपडे बदलून येतो.' तिनं त्याच्याकडे बघितलं नाही आणि तो आला नाही. कढईतलं मांसाचं शोर्पो तसंच उकळत राहिलं. तोक्तोसून अता काठी टेकत आले तेव्हा अंगण रिकामं होतं. ते एका वाडग्यातून थोडं प्याले आणि परत गेले.

छप्पर आम्ही तिघांनी घातलं, एजे, बेलेक आणि मी. गावाचं एका दिवसाचं काम आम्हाला अकरा दिवस लागलं. नवव्या दिवशी बर्फ पडलं आणि ईशान्येच्या कोपऱ्यातला ओला चिखल गोठला. वसंतात तो कोपरा भुगा होऊन गळू लागला. लग्न झालं, मुलीकडचे आले, जेवले, कुणी वर बघितलं नाही. बेलेक बायकोला घेऊन परत कझानला गेला.

त्यानंतर सुयुमकान एजे कुठल्याच फाटकाशी गेलेली नाही. या मार्चमध्ये कालवा गाळानं भरला तेव्हा पंचायतीनं खोदायचं यंत्र मागवलं. ते तीन आठवड्यांनी आलं. बार्लीचं पहिलं पाणी तोवर गेलं होतं. लोकांनी यंत्रवाल्याला शिव्या दिल्या.

मला मात्र बिश्केकला बोलावलं होतं, नव्या अर्जदारांसमोर बोलायला. निधीच्या अर्जात आता 'अशार' हा छापील रकाना आहे, त्याखाली माणसं गुणिले तास, आणि नमुना म्हणून आमचे चारशे ऐंशी. मी गेलो. पंधरा मिनिटं बोललो. पूल मुदतीत पूर्ण झाला असं सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, लोकांना फुकट काम करायला तुम्ही तयार कसं केलंत? ती हे वहीत लिहून घेणार होती, पेन उघडून बसली होती. मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते मला आठवतं आणि इथं सांगणार नाही. टाळ्या झाल्या. मधल्या सुट्टीत मी बाहेर जाऊन ओकलो. दुपारी प्रमाणपत्र घेतलं.

परवा गावी गेलो ते थेट तिच्याकडे. ती गोठ्यात दूध काढत होती, माझ्या पुसट गालाजवळ बसून.

'बोलावलं होतं म्हणे तुला,' ती म्हणाली. 'काय सांगितलंस?'

'त्यांना हवं ते.'

ती धार काढत राहिली. बादली भरल्यावर उठली आणि घराच्या ईशान्य कोपऱ्याकडे मान हलवली. 'पुन्हा गळतंय. शिडी तिथं आहे. वर चढ.'

मी शर्ट काढून खुंटीला लावला. चिखल कुठं कालवायचा ते बघू लागलो. 'एजे, किती बादल्या लागतील?'

'मोजू नकोस,' ती म्हणाली. 'चढ वर.'